शब्दगणनेची साखळी आणि ‘मेक’ : एक प्राथमिक परिचय

मराठी पाठसंग्रहावर संगणकाच्या साह्याने काम करणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जी अखेरची कोष्टके येतात, ती सहसा एकाच कृतीतून निर्माण झालेली नसतात. मूळ पाठ प्रथम स्वच्छ करावा लागतो. नंतर त्याचे शब्दांत विभाजन होते. शब्दांची वारंवारता मोजली जाते आणि तीवरून कोष्टक तयार होते. प्रत्येक पायरी स्वतंत्र आज्ञावलीने पार पडते व तिचे फलित स्वतंत्र फाइलीत साठविले जाते. मधल्या एखाद्या पायरीत दुरुस्ती झाली की पुढील कोणत्या फाइली नव्याने करावयास हव्यात, हे स्मरणात ठेवण्याचे काम बहुधा अभ्यासकाच्याच माथी पडते. ते संगणकाकडे सोपविण्याचे एक जुने आणि आजही सर्रास वापरले जाणारे साधन म्हणजे ‘मेक’. आज्ञा टंकून ते चालवावयाचे असते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘दऱ्या’ हा साधा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्तचिन्ह आणि ‘य’ असा क्रम असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्तचिन्ह, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु मोजणी करणाऱ्या आज्ञावलीच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत. युनिकोडने घालून दिलेले सामान्यीकरणही त्यांना एकरूप करीत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाठ स्वच्छ करताना सर्व अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली, तर दुसऱ्या प्रकारचा ‘दऱ्या’ हा ‘दर्या’ होऊन बसतो. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो, आणि ‘आचाऱ्यास’ या रूपातील स्वयंपाकी विनासायास आचार्यपदाला पोहोचतो!

दोष लक्षात आल्यावर उपाय अवघड नाही. अदृश्य चिन्हे काढण्यापूर्वी दुसऱ्या प्रकारची लेखनरूपे पहिल्या प्रकारात बदलून घेतली म्हणजे झाले. खरी अडचण त्यानंतर उद्भवते. अभ्यासक स्वच्छतेची आज्ञावली दुरुस्त करतो, पाठ पुन्हा स्वच्छ करतो, शब्दसूचीही नव्याने करतो. पण महिन्यापूर्वी केलेले एखादे कोष्टक प्रबंधाच्या प्रकरणात तसेच राहून जाते. शिळ्या अन्नाला वास येतो, शिळ्या कोष्टकाला तो येत नाही. त्यातील आकडे पूर्वीइतकेच नीटनेटके दिसत राहतात.

‘मेक’चा जन्मही अशाच शिळेपणातून झाला. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते सिद्ध केले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी आपल्या आज्ञावलीतील दोष दुरुस्त केला होता, परंतु दुरुस्त भागाचे यंत्रभाषेत पुन्हा रूपांतर करावयाचे राहून गेले होते; परिणामी निर्दोष मजकुरात दोष शोधण्यात त्यांची एक सकाळ खर्ची पडली. या साधनाबद्दल फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला.

साधनाची रचना सुटसुटीत आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘मेकफाइल’ या नावाची एक साधी मजकूर-फाइल असते व तीत नियम लिहिलेले असतात. नियमाचे तीन भाग. प्रथम साध्य, म्हणजे जी फाइल निर्माण व्हावयाची ती; मग विसर्गासारखे अपूर्णविराम चिन्ह देऊन तिची साधने, म्हणजे ज्या फाइलींवर ती अवलंबून आहे त्या; आणि खालच्या ओळीत कृती, म्हणजे प्रत्यक्ष चालवावयाची आज्ञा. कृतीच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा लागतो; तेथे मोकळ्या जागा सोडल्यास चालत नाही, आणि नवशिक्याची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. हा नियम गैरसोयीचा असल्याचे फेल्डमन यांच्याही लवकरच ध्यानात आले होते. तथापि तोवर सुमारे डझनभर लोक साधन वापरू लागले होते आणि त्यांचे काम बिघडू नये म्हणून तो तसाच ठेवण्यात आला. पुढे लाखोंनी तो निमूटपणे पाळला.

‘मेक’ एवढीच आज्ञा दिली असता पहिल्या नियमातील साध्य अपेक्षित आहे असे धरले जाते. म्हणून अखेरच्या कोष्टकाचा नियम सर्वांत वर लिहावा. कोष्टकासाठी वारंवारता-सूची हवी, सूचीसाठी शब्द-फाइल हवी, असे मागे मागे जात हे साधन मूळ पाठापर्यंत पोहोचते. साध्य अस्तित्वातच नसेल, अथवा त्याचे एखादे साधन त्याच्यापेक्षा अलीकडे बदललेले असेल, तरच कृती चालविली जाते. एरवी ती फाइल आहे तशी राहते. प्रत्यक्ष काही न करता काय काय केले जाईल एवढेच पाहावयाचे असल्यास आज्ञेपुढे आडवी रेघ व इंग्रजी ‘एन’ हे अक्षर जोडावे. नव्या अभ्यासकाने प्रारंभी ही सवय अवश्य लावून घ्यावी.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावयास हवी. स्वच्छ पाठाचे साधन म्हणून बहुतेक जण केवळ मूळ पाठ नोंदवितात. पण स्वच्छ पाठ हा मूळ पाठाइतकाच स्वच्छता करणाऱ्या आज्ञावलीवरही अवलंबून असतो. ती साधनांत नोंदविली नसेल, तर ‘दऱ्या’ची दुरुस्ती केल्यावरही सर्व काही अद्ययावत आहे असाच निर्वाळा मिळेल. न नोंदविलेले अवलंबन या साधनाला दिसत नाही. ते फाइलींचा आशयही वाचत नाही, केवळ बदलाची वेळ पाहते. त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून फाइली नकलून आणताना वेळा बदलल्या, तर अकारण काम होण्याचा अथवा आवश्यक काम टळण्याचा संभव असतो. कृती मध्येच फसली तर अर्धवट फाइल मागे राहून ती पूर्ण म्हणून गणली जाण्याचाही धोका असतो. अशी फाइल आपोआप पुसली जावी यासाठी प्रचलित ‘ग्नू मेक’मध्ये एक विशेष नियम आहे व तो आरंभीच लिहून ठेवणे हिताचे.

शेकडो फाइलींचे गुंतागुंतीचे काम असल्यास योहानेस क्योस्टर व स्वेन राहमान यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेले ‘स्नेकमेक’ अधिक सोयीचे पडते. तेही साध्य, साधन आणि कृती याच विचारावर उभे आहे. मात्र चार पायऱ्यांच्या शब्दगणनेला ‘मेक’ पुरेसे आहे. नियम लिहून झाल्यावर मूळ पाठ व आज्ञावल्या यांची प्रत सुरक्षित ठेवावी, त्यांपासून झालेल्या सर्व फाइली पुसून टाकाव्यात आणि ‘मेक’ चालवावे. काम मध्येच अडले, तर कोणते अवलंबन नोंदवावयाचे राहिले ते तेथेच कळते. ते तडीस गेले, तर नवे कोष्टक प्रबंधातील कोष्टकाशी ओळीओळीने ताडून पाहावे.