कवटीची जडणघडण

घरात तान्हे मूल असले म्हणजे आजी रोज त्याच्या टाळूवर तेल घालते. टाळू बोटाला मऊ लागते; कधी कधी ती नाडीबरोबर उडतानाही दिसते. मेंदूसारख्या नाजूक अवयवावर निसर्गाने असे उघडे दार का ठेवावे, असा प्रश्न आम्हांस पडला. उत्तर शोधता शोधता आम्हांस प्राचीन माशांपर्यंत जावे लागले!

मेंदूची पेटी मुळात एकसंध नाही. गर्भात तिचा तळ प्रथम कूर्चेचा बनतो आणि मागाहून त्याचे हाड होते. आपल्या कानाच्या वरच्या भागात जो लवचिक पदार्थ हाताला लागतो, तीच कूर्चा. कपाळाची व माथ्याची हाडे मात्र कातडीखालच्या पातळ पडद्यातच थेट तयार होतात.

असे दोन प्रकार का? मुशी या माशाच्या मेंदूभोवती केवळ कूर्चेची पेटी असते. परंतु सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या अनेक माशांच्या डोक्यावर कातडीत घडलेल्या हाडांचे चिलखत असे. आपल्या माथ्याची हाडे त्या चिलखताचीच वारस होत. सस्तन प्राण्यांचा मेंदू मोठा होत गेला, तशी कूर्चेची पेटी वरून अपुरी पडली आणि चिलखतच तिचे छत झाले.

हे कोडे सहजासहजी सुटले नाही. 1790 साली व्हेनिस येथे मेंढीची फुटकी कवटी पाहून जर्मन कवी ग्योटे यांना वाटले की, कवटी म्हणजे रूप पालटलेले मणकेच! ही कल्पना पुष्कळ वर्षे मान्य होती. 1858 साली लंडन येथील व्याख्यानात हक्स्ले यांनी गर्भाच्या वाढीचा आधार घेऊन ती खोडून काढली. तथापि कवटीचा मागचा भाग मणक्यांसारख्याच घटकांपासून घडतो, असे पुढे दिसून आले. म्हणजे कवीचा तर्क अगदीच फोल नव्हता.

आता टाळूकडे वळू. छताच्या फळ्या जेथे अद्याप एकमेकींस भिडलेल्या नसतात, ती जागा म्हणजे टाळू. फळ्या सुट्या असल्यामुळे जन्माच्या वेळी त्या किंचित एकमेकींवर सरकतात आणि पुढे वाढत्या मेंदूला जागा मिळते. साधारणपणे दुसऱ्या वर्षात ही टाळू भरते. ती तेलाने नव्हे, तर कडेने वाढणाऱ्या हाडाने भरते. तोवर तेथे फिरणारा हात मात्र आजीच्या हातासारखा हळुवार असावा!