मोटारीचे सुकाणू आणि रबराचा भाता

मोटार घेताना माणूस तिचा रंग पाहतो, आतील बैठक पाहतो, एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर जाईल याची चौकशी करतो. घेतल्यानंतर तो इंजिनातील तेल वेळेवर बदलतो, टायरमधील हवा तपासून घेतो आणि दसऱ्याला तिच्यावर झेंडूची माळ चढवतो. परंतु हातातील चाक फिरवताच पुढची दोन्ही चाके ज्याच्या योगाने वळतात, तो हातभर लांबीचा पोलादी दांडा सहसा त्याच्या दृष्टीसही पडत नाही. इंजिन बंद पडले, तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते. खोळंबा होतो, इतकेच. सुकाणूने दगा दिला, तर मोटार उभी राहत नाही. ती चालतच राहते, पण चालकाच्या हाती राहत नाही. म्हणून या दांड्याची निगा हा काटकसरीचा, पण त्याहूनही अधिक जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

चालकाच्या हाताचे वर्तुळाकार फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवण्याच्या अनेक रचना आजवर झाल्या. त्यांतील सर्वांत सुटसुटीत म्हणजे दंतचक्र व दंतपट्टीची. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या आणि १९४८ साली इंग्लंडात अवतरलेल्या मॉरिस मायनर मोटारीत ती होती. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ती होती. आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्येही तीच होती. आज बहुतेक सर्व लहान व मध्यम मोटारींत हीच रचना आढळते. कारखान्यातील कामगार तिला ‘स्टिअरिंग रॅक’ अथवा नुसतेच ‘रॅक’ म्हणतात.

रचना मोठी सरळ आहे. स्टिअरिंगच्या चाकाखालून उतरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी पिनियन नावाचे एक लहान दंतचक्र असते. त्याचे दात एका आडव्या पोलादी पट्टीच्या दातांत गुंतलेले असतात. चाक फिरले की दंतचक्र फिरते आणि पट्टी डावी-उजवीकडे सरकते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा प्रवास साधारणतः पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास असतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना गोलाकार सांधे असून त्यांतून निघणारे टाय रॉड पुढची चाके वळवतात. पट्टी दंतचक्रापासून दूर सरकू नये म्हणून तिला मागून एक स्प्रिंग दाबून धरते. ही सर्व यंत्रणा ग्रीसने माखून एका धातूच्या नळीत बसवलेली असते.

परंतु सरकणारी पट्टी नळीच्या तोंडातून आत-बाहेर ये-जा करणारच. म्हणून ती तोंडे कायमची बुजवता येत नाहीत. तेथे दोन्ही बाजूंस घड्यांचे रबरी अथवा तत्सम लवचीक आवरण बसवलेले असते. मेकॅनिक त्याला ‘बूट’ म्हणतात. त्याचे रूप मात्र लोहाराच्या भात्यासारखे किंवा पेटीच्या भात्यासारखे असते, आणि त्याचे वर्तनही तसेच. मोटार डावीकडे वळली की एक भाता आवळतो व दुसरा पसरतो. उजवीकडे वळली की याच्या उलट घडते. आवळलेल्या भात्यातील हवा नळीच्या वाटे दुसऱ्यात जाते. भाते धड आहेत तोवर हा श्वासोच्छ्वास आतल्या आतच चालतो. पण त्यातील एकाला चीर पडली, की तोच भाता बाहेरची हवा ओढू लागतो. हवेबरोबर धूळ, चिखल आणि पाणीही ओढतो. मोटार चिखलातून जाते म्हणून रॅक खराब होतो असे वरवर वाटते. वस्तुतः फाटलेल्या भात्यामुळे मोटार प्रत्येक वळणावर आपणच चिखल पिऊ लागते. आणि दोन्ही भात्यांची हवा एकच असल्याने एका बाजूची चीर दुसऱ्या बाजूलाही ओल पोहोचवते.

आत गेलेले पाणी व धूळ पुढे काय करतात? लोखंडाला प्राणवायू आणि पाणी एकत्र मिळाले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल, तर ही क्रिया अधिक वेगाने होते. अ‍ॅल्युमिनियमवर जमणारा थर खालच्या धातूचे रक्षण करतो; लोखंडाचा गंज तसे करीत नाही. तो सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे नवे लोखंड उघडे पाडतो. हे सुटलेले कण व बाहेरून आलेली वाळू ग्रीसमध्ये मिसळली, की वंगणाचीच सहाण होते: जे घर्षण कमी करण्यासाठी घातले, तेच धातूला घासू लागते. घासण्याने पृष्ठभाग उघडा पडतो, उघड्या पृष्ठभागावर पुन्हा गंज येतो. गंज झिजेला पोसतो आणि झीज गंजाला. म्हणूनच पहिली चीर जितक्या लवकर सापडेल, तितके बरे.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये आणखी एक हानी होते. गंजाने खरबरीत झालेला दांडा सरकताना आतील रबरी सील कापतो व तेल गळू लागते. विजेच्या मोटरने साहाय्य करणाऱ्या नव्या रचनेत हे तेल नसते. परंतु मोटर हाताचा भार हलका करीत असल्यामुळे आतील वाढता जडपणा चालकाच्या लक्षात येण्यास उशीर लागतो.

भारताच्या हवामानात या भात्याची परीक्षा चारी बाजूंनी होते. राजस्थानात ऊन आणि वाळू, मुंबई, पणजी, चेन्नई व विशाखापट्टणम येथे खारी हवा, हिमालयाच्या वाटांवर उडणारे खडे, आणि सर्वत्र पावसाळा. उन्हाने रबर कडक होते, कडक रबराला घडीच्या खोबणीत तडे जातात, आणि जूनचा पहिला पाऊस ते तडे शोधून काढतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत पूर आला. अशा पुरात सापडलेल्या मोटारीचे इंजिन व गाद्या दुरुस्त करून भागत नाही. रॅकच्या भात्यांत पाणी शिरले आहे काय, हेही पाहावेच लागते. ते पाणी तेथे राहिले, तर मोटार वरून लखलखीत दिसत असताना आत गंज वाढत राहतो.

बिघाडाची लक्षणे ओळखता येतात. खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड ऐकू येणे. चाक थोडे हलवूनही मोटारीने दाद न देणे. वळणानंतर चाक आपणहून सरळ न होणे. फिरवताना मध्येच अडखळणे. पॉवर स्टिअरिंगचे तेल वारंवार कमी होणे किंवा भात्याच्या तोंडाशी ओल दिसणे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मोटार बहुतांश वेळ सरळच धावते, म्हणून पट्टीचे मधले दात सर्वांत अधिक झिजतात. ही ढिलाई घालवण्यासाठी मागील स्प्रिंगचा नट आवळला, तर मध्यभागी चाक घट्ट लागते खरे. पण कडेचे दात न झिजलेले असल्याने पूर्ण वळणावर तेच चाक अडकण्याचा संभव असतो. झिजलेला दात आवळण्याने भरून येत नाही. तसेच खड्डे पडलेला गंज पॉलिश पेपरने घासून पट्टी पूर्ववत होत नाही. त्या अवस्थेत रॅक बदलणे हाच उपाय उरतो.

तो प्रसंग टाळणे मात्र सोपे आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा भात्यांची तपासणी करावी. चाक एका बाजूला पूर्ण वळवले, की त्यातील एक भाता पसरतो व घड्यांच्या खोबणी उघड्या होतात. विजेरीच्या उजेडात तेथील तडे दिसतात. मग चाक दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा भाता पाहावा. दोन्ही टोकांच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, बाहेर ग्रीस आले आहे काय, हेही पाहावे. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. तिला भक्कम आधार दिलेला असावा.

चीर दिसली, तर चिकटपट्टीने ती झाकू नये. भाता नवा घालावा. त्याची किंमत संपूर्ण रॅकच्या मानाने अगदी अल्प असते. नवा भाता चढवण्यापूर्वी आतील मळलेले ग्रीस पुसून, दांड्यावर गंज आहे काय ते पाहून, उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस लावावे. चाकांचे अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरवावा लागतो. त्या वेळी भात्याची बाहेरची पट्टी सैल केली नाही, तर भात्याला पीळ पडतो आणि पिळलेला भाता लवकर फाटतो. म्हणून अलाइनमेंट झाल्यावर घड्या सरळ आहेत, याची खात्री करून घ्यावी. मोटार धुतल्यावर खालच्या बाजूस डिझेल किंवा जुने तेल फवारण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती रबराला अपायकारक आहे. समुद्रकाठच्या वाळूतून मोटार नेली असेल, तर तिचा तळ गोड्या पाण्याने धुवावा; पण पाण्याचा जोरदार झोत भात्यावर रोखू नये.

चालवण्याच्या सवयींचाही या यंत्रणेवर परिणाम होतो. मोटार उभी असताना चाक बळाने वळवणे, खड्ड्यांवर वेग न आवरणे, पदपथाच्या कडेवर टायर चढवणे, टायरमध्ये हवा कमी ठेवणे, या सर्वांचा भार सांध्यांवर व दातांवर पडतो. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचे चाक पूर्ण वळवून तसेच दाबून धरल्यास तेलाचा दाब व उष्णता वाढते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळी वाहनाची तपासणी होते. ब्रिटनमध्ये अशा तपासणीची पद्धत १९६० साली सुरू झाली. आज तेथे तीन वर्षांहून जुन्या बहुतेक मोटारी दरवर्षी तपासल्या जातात, आणि स्टिअरिंगच्या रबरी आवरणांची स्थितीही त्यात पाहिली जाते. आपल्याकडील खाजगी मोटारीच्या बाबतीत मधल्या पंधरा वर्षांत ही जबाबदारी मालकानेच आपल्यावर घ्यावयाची आहे. कारण त्या मोटारीत त्याचे कुटुंब बसते, आणि त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांची मुले शाळेला जातात. वर्षातून दोनदा विजेरी घेऊन घालवलेली दहा मिनिटे त्या सर्वांच्या उपयोगी पडतात.