नजराणा नव्हे, पगार

आमच्या मशिदीत एका बांगीसाहेबांनी एकोणीस वर्षे अजान दिली. अजान हे त्यांच्या कामातले सर्वांत कमी वेळ घेणारे काम. पहाटे साडेचारला मोटर सुरू करून हौज भरायचा, चटया झटकायच्या, वुजूखाना धुवायचा, मय्यत झाली की रात्री-अपरात्री गुस्लची तयारी करायची, जुम्म्याला चंद्याचा डबा फिरवायचा, रमजानमध्ये सहरीला मोहल्ला उठवायचा. आणि बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला संडास कुठे आहे ते दाखवायचे, हेही त्यांचेच काम. पगार ७,००० रुपये. त्या ट्रस्टचा खजिनदार मी होतो, म्हणजे ते ७,००० रुपये मीच मोजून देत होतो. कधी पाच तारखेला, कधी बारा तारखेला, मला दुकानातून सवड मिळेल तेव्हा.

एका थंडीत फजरची अजान दहा मिनिटे उशिरा झाली. आदल्या रात्री ते कुणाच्या तरी टेम्पोवर भाजीच्या फेरीला गेले होते. मुलाची कॉलेजची फी भरायची होती. नमाज संपल्यावर आमच्या एका ट्रस्टीने साऱ्या जमातीसमोर त्यांना झापले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला माझ्या दुकानात आले आणि गल्ल्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. म्हणाले, "भाईजान, मोजून घ्या. अकरा आहेत."

त्याच वर्षी रमजानमध्ये आम्ही मशिदीच्या नव्या फरशीसाठी नऊ लाख रुपये जमवले होते. वीस दिवसांत.

बांगीसाहेब गेल्यावर ७,००० मध्ये कुणी येईना. दोन महिने मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी पाळीपाळीने अजान दिली, हौज मात्र कधी भरलेला तर कधी कोरडा. शेवटी १२,००० वर एक तरुण मिळाला. बैठकीत कुणी हूं की चूं केले नाही. म्हणजे १२,००० आमच्याकडे होते. आधीही होते.

वाचकहो, ही गोष्ट आमच्याच गावची आहे असे नाही. मशीद, मकतब, मदरसा, यतीमखाना, ट्रस्टची इंग्रजी शाळा, रुग्णवाहिका चालवणारी कमिटी, शिलाई केंद्र: आपल्या मिल्लतची ही सारी कामे पगारी माणसे करतात आणि आपण त्यांच्या पगाराला पगार म्हणायला लाजतो. कुठे तो नजराणा असतो, कुठे मानधन, कुठे हदिया. शब्द अदबीचे आहेत, पण त्यांची एक गंमत आहे. नजराणा कमी पडला तर मागता येत नाही. पगार मागता येतो.

"सवाबाचे काम आहे," हे वाक्य मी स्वतः बैठकीत वापरलेले आहे. म्हणून त्याबद्दल थोडे वाचले. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) कापडाचे व्यापारी. खिलाफत मिळाल्यावरही ते खांद्यावर कापड टाकून बाजाराला निघाले, असे इतिहासकार सांगतात. वाटेत हजरत उमर (रजि.) भेटले. घरच्यांचे पोट कसे भरणार, हा अबू बक्र यांचा सवाल होता. तेव्हा बैतुलमालमधून त्यांचा वजिफा ठरवला गेला. खलीफाच्या कामापेक्षा मोठे सवाबाचे काम कोणते असेल? सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत गरीब-मिस्किनांच्या पाठोपाठ जकातीच्या कामावर नेमलेले लोक येतात. त्या तरतुदीचा आजच्या ट्रस्टला कितपत आधार घेता येतो, यावर उलेमांची मते वेगळी आहेत, तो विषय आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण खिदमत करणाऱ्यालाही पोट असते, हे तिथे स्पष्टच आहे.

जुन्या हनफी फकीहांनी इमामत, अजान आणि कुरआन शिकवण्याचा मोबदला घ्यायला मनाई केली होती हे खरे. आमच्या बैठकीतही एका हाजीसाहेबांनी हा मुद्दा काढला. पण तेव्हा ही माणसे बैतुलमालच्या वजिफ्यावर होती. वजिफे बंद पडले, मशिदी ओस पडण्याची वेळ आली, तेव्हा नंतरच्या उलेमांनी पगार जायज ठरवला. आपण जुन्या मनाईतले तेवढे "घेऊ नका" लक्षात ठेवले आणि वजिफा विसरलो.

देशाच्या कायद्यानेही यावर बोलून तीस वर्षे झाली. ऑल इंडिया इमाम ऑर्गनायझेशनच्या याचिकेवर मे १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वक्फ बोर्डांचे म्हणणे होते की इमाम हे नोकर नाहीत, त्यांचे काम ही स्वेच्छेची सेवा आहे आणि शिवाय पैसेही नाहीत. न्यायालयाने इमामांचा मोबदल्याचा हक्क मान्य केला आणि पैसे नाहीत ही सबब ऐकली नाही. ते निकालपत्र वाचताना मला आमच्याच बैठकीचे इतिवृत्त वाचल्यासारखे वाटले.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळे तिथेच येऊन थांबते. यात एक गाठ आहे, ती बाहेरून दिसत नाही. रमजानमध्ये जो पैसा येतो त्यातला मोठा हिस्सा जकात-फितऱ्याचा. जकात हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे, त्यामुळे तिच्यातून शिक्षकाचा किंवा बांगीचा पगार देता येत नाही, असे आपले बहुतेक उलेमा सांगतात. म्हणजे खजिन्यात पैसा दिसतो, पण पगारासाठी उरते ती फक्त लिल्लाह आणि इमदादची रक्कम. आणि लिल्लाह देणाऱ्याला आपले पैसे दिसायला हवे असतात. फरशीवर नाव घालता येते, कूलरवर घालता येते. बांगीसाहेबांच्या पगारावर कुणाचे नाव घालणार?

हा आजार फक्त आपला नाही. साऱ्या सेवाभावी संस्थांना तो आहे. देणगीदाराला वाटते, माझा रुपयाच्या रुपया गरिबापर्यंत जावा. पण तो पोचवणाऱ्या माणसाचा पगार कुणी द्यायचा? सरकारनेही २०२० मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात बदल करून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पगार म्हणजे उधळपट्टी, हा समज किती खोल गेला आहे ते यावरून कळते.

उत्पन्नाची दुसरी बाजू वक्फची. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशभरातल्या ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा हिशेब आहे. बाजारभावाने किंमत सुमारे १.२ लाख कोटी आणि वर्षाचे उत्पन्न १६३ कोटी. हा आकडा वाचला आणि आमच्या मशिदीखालचे सहा गाळे आठवले. भाडे प्रत्येकी ४०० रुपये. त्यातल्या दोन गाळ्यांत ट्रस्टींचेच नातेवाईक. यावर जास्त लिहीत नाही, मला गावात राहायचे आहे.

बांगीसाहेब गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रात्री मी हिशेबाची वही घेऊन बसलो. ग्रॅच्युइटीचा नियम १९७२ सालचा: शेवटचा महिन्याचा पगार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. तो आमच्या ट्रस्टला लागू होतो की नाही यावर वकील वाद घालतील. मी फक्त गणित केले. ७,००० आणि एकोणीस वर्षे. उत्तर आले ७६,७३०. आम्ही त्यांना काय दिले होते? एक शाल आणि नारळ. तीही ते निघून गेल्यावर कुणाच्या तरी हाती पाठवलेली.

ती वही बैठकीत ठेवली. तीन बैठका भांडण झाले. एकजण म्हणाला, "त्यांना दिले तर उद्या सगळे मागतील." मी म्हटले, "मागू देत, सगळे म्हणजे चार माणसे आहेत." इमामसाहेब, बांगी आणि मकतबच्या दोन मुअल्लिमा. इमामसाहेबांना १२,००० होते, मुअल्लिमांना ३,०००. ठरले असे: इमामसाहेबांना १८,०००, बांगीचे १२,००० कायम, मुअल्लिमांना ५,०००. आधीच्यापेक्षा महिन्याला १५,००० जास्त. घरटी वर्गणी १०० होती ती १५० केली. २४० घरांपैकी २१० घरांनी मान्य केले, त्याचे १०,५०० आले. गाळेधारकांशी बसून भाडे १,५०० केले, त्याचे ६,६०० आले. म्हणजे महिन्याला २,१०० शिल्लक. ती रक्कम वेगळ्या खात्यात जाते आणि त्याला आम्ही ग्रॅच्युइटीच म्हणतो. वर्षाचे २५,२०० होतात. चौघांचा हिशेब लावला तर २३,००० च्या आसपास लागतात. बसते. एका घराने वर्गणी पन्नासने वाढवणे म्हणजे महिन्यातून एक वडापावची पुडी कमी आणणे, एवढेच होते ते.

पैशाचे सुटले तेव्हा कळले की अर्धे दुखणे पैशाचे नव्हतेच. नव्या बांगीला सात मालक होते. सचिव सांगणार पंखे बंद कर, मुतवल्ली सांगणार चालू कर, एखादा नमाजी येऊन आपल्या घरची गॅसची टाकी उचलायला नेणार. आता त्याला काम सांगायचे ते फक्त सचिवांनी. त्याच्या हातात एक कागद आहे, नेमणूकपत्र म्हणा: काम काय, वेळ कोणती, आठवड्यात कोणता दिवस सुट्टीचा, वर्षात रजा किती, पगार पाच तारखेला बँकेत. घाम वाळण्याआधी मोबदला देण्याची ताकीद आपण मुलांना शिकवतो, आणि बारा तारखेला पाकीट देताना उपकार केल्यासारखे हसतो, मीही हसत असे. रागवायचे असेल तर ऑफिसात बोलवून रागवायचे, जमातीसमोर नाही. वर्षातून एकदा, शाबानमध्ये, प्रत्येकाला बसवून विचारायचे: काय अडचण आहे? पहिल्या वर्षी इमामसाहेबांनी सांगितलेली अडचण ऐकून आम्ही खजील झालो. त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. सहा वर्षे.

माझी एक भाची दुसऱ्या गावात ट्रस्टच्या शाळेत शिकवते. बी.एड. आहे, हातात ६,५०० पडतात. मे महिन्याचा पगार नाही, कारण शाळा बंद. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ पासून आहे, नेमणुकीचा आदेश कसा द्यायचा हेसुद्धा त्यात आहे. तिला आदेश मिळालेला नाही. "मुलींसाठी घरी बसण्यापेक्षा बरे," असे तिला मुलाखतीतच सांगितले होते. मी तिला पगाराबद्दल विचारले तर म्हणाली, "मामू, पगाराचे एक वेळ चालेल. पण रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर उद्याचे काम येते. आणि ट्रस्टीसाहेबांच्या घरचे कुणीही येऊन वर्गात मागे उभे राहते." तिच्या बरोबरची एक शिक्षिका बाळंतपणाला गेली, ती परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी होती. पगारी बाळंतरजा २६ आठवड्यांची झाली २०१७ मध्ये.

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मदरशांतल्या आधुनिक विषयांच्या शिक्षकांचे मानधन वाढवले. डी.एड. असेल तर ६,००० चे १६,००० आणि बी.एड. असेल तर ८,००० चे १८,०००. चांगलेच झाले. पण ज्या मदरशांना ही योजना मिळते, तिथे गणिताच्या सरांचा पगार सरकार ठरवते आणि शेजारच्या खोलीत हिफ्ज घेणाऱ्या हाफिजसाहेबांचा पगार आपण ठरवतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत, आपल्या गावात मदरसा असेल तर.

जुन्या बांगीसाहेबांकडे मी आणि सचिव गेलो, ७६,७३० चा चेक घेऊन. ते आता आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकतात. चेक हातात घेतला नाही. आधी विचारले, "ही जकात आहे का? असेल तर मला लागू होते की नाही ते विचारून घेतो." सचिवांनी सांगितले, जकात नाही, तुमचा राहिलेला पगार आहे. मग त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, सव्वीसने का भागले ते विचारून घेतले आणि पावतीवर सही केली. चहा झाला. निघताना त्यांनी एवढेच विचारले की वरच्या टाकीचा कॉक गळायचा, तो बदलला का. बदललेला नव्हता.