राखून ठेवलेला नफा : भागधारक शेतकऱ्याने तो कसा पाहावा?

खळ्यावरील रास मोजून झाली म्हणजे जाणता शेतकरी सर्वच धान्य बाजारात नेत नाही. पुढील हंगामाचे बियाणे तो आधी बाजूस काढतो. एवढे धान्य विकले का नाही, असे त्यास घरात कोणी विचारीत नाही. परंतु हाच शेतकरी उत्पादक कंपनीचा भागधारक झाला, म्हणजे वार्षिक सभेत प्रश्न उभा राहतो, ‘कंपनीस सहा लक्ष रुपये नफा झाला, मग आमच्या हाती एवढेच का?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास सभासदांचा विश्वास डळमळतो, माल पुन्हा व्यापाऱ्याकडे जाऊ लागतो आणि बरी चाललेली कंपनीही बसते. म्हणून राखून ठेवलेला नफा म्हणजे काय, हे प्रत्येक भागधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

हिशेब कसा होतो?

कंपनीस वर्षअखेर सर्व खर्च, घसारा व कर वजा जाता जो निव्वळ नफा उरतो, त्यातून सभासदांस वाटलेली रक्कम वगळली म्हणजे जे शिल्लक राहते तो राखून ठेवलेला नफा होय. तो वर्षानुवर्षे साठत जातो. ताळेबंदात ‘राखीव निधी व शिल्लक’ या सदराखाली तो भागभांडवलानजीक दाखविलेला असतो.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मागील ताळेबंदात साठलेला नफा ८,००,००० रुपये होता. यंदा निव्वळ नफा ६,००,००० रुपये झाला. त्यातून भागभांडवलावरील परतावा १,००,००० रुपये व सभासदांनी घातलेल्या मालाच्या प्रमाणात बोनस २,००,००० रुपये दिला. राहिलेले ३,००,००० रुपये जुन्या शिलकेत मिळविले, म्हणजे साठलेला नफा ११,००,००० रुपये झाला.

ही रक्कम तिजोरीत असते काय?

येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ताळेबंदात अकरा लक्ष दिसतात, म्हणून बँकेत अकरा लक्ष पडून आहेत असे नव्हे. पेरलेले बियाणे जसे कणगीत सापडावयाचे नाही, तसेच हे आहे. समजा, त्यांपैकी ५,००,००० रुपये धान्य स्वच्छ करण्याच्या यंत्रात गेले, २,५०,००० रुपये गोदामातील मालात अडकले, २,५०,००० रुपये उधारीने विकलेल्या सोयाबीनचे येणे आहे आणि बँकेत १,००,००० रुपयेच आहेत. ही विभागणी केवळ समजण्यापुरती आहे. कारण व्यवहारात भागभांडवल, कर्ज आणि साठलेला नफा यांचा पैसा एकत्रच वापरला जातो. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच, की नफा हा हिशेबाचा आकडा आहे आणि रोकड ही निराळी गोष्ट आहे. मार्चमध्ये उधारीने विकलेल्या मालाचा नफा त्याच वर्षी मांडला जातो. पैसे मात्र पुढे येतात, क्वचित बुडतातही.

कायद्याची तरतूद

उत्पादक कंपनीची तरतूद १९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ सालच्या दुरुस्तीने झाली. २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कंपनी कायद्यात समाविष्ट झाली. या कायद्यान्वये अशा कंपनीने दरवर्षी सर्वसाधारण राखीव निधी ठेवणे आवश्यक आहे. भागभांडवलावर मर्यादित परताव्याची आणि राखीव निधीची तरतूद करून जे उरेल, ते सभासदांनी कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येते. तो रोखीने, भागांच्या रूपाने अथवा दोन्ही प्रकारे द्यावयाचा, हे सर्वसाधारण सभा ठरविते.

आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने नफा राखून त्याचा चांगला विनियोग केला, तर भागाचा भाव वाढून गुंतवणूकदारास लाभ होऊ शकतो. उत्पादक कंपनीचा भाग मात्र बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीने तो दुसऱ्या क्रियाशील सभासदास दर्शनी किमतीनेच देता येतो. सबब राखून ठेवलेल्या नफ्याचे फळ सभासदास भावाच्या चढीतून मिळत नाही. मालास मिळणारा अधिक दर, स्वस्त व खात्रीची निविष्ठा, बोनस किंवा राखीव निधीतून दिलेले बक्षीस भाग, या वाटांनीच ते परत यावयाचे असते. बक्षीस भागांमुळेही कंपनीत नवा पैसा येत नाही. राखीव निधीतील रक्कम भागभांडवलात जाते, एवढेच.

कोणते प्रश्न विचारावेत?

१. राखलेल्या रकमेतून काय उभे राहिले? यंत्र, गोदाम, खेळते भांडवल की केवळ वसूल न होणारे येणे?

२. त्यामुळे उत्पन्न किती वाढले? पाच वर्षांत १०,००,००० रुपये राखले आणि वार्षिक नफा ४,००,००० वरून ६,००,००० रुपयांवर गेला, तर राखलेल्या रकमेवर शेकडा २० प्रमाणे वाढ झाली. तोच नफा ४,३०,००० रुपयांवरच थांबला असेल, तर वाढ शेकडा ३ पडते. तेव्हा रक्कम का राखली, याचा जाब विचारणे हे सभासदांचे कर्तव्यच होय. मात्र सभासदांस अधिक दर दिल्यामुळे नफा कमी दिसत असेल, तर तोही लाभ हिशेबात धरावा. एका दुष्काळी वर्षावरून निर्णय करू नये. निदान तीन ते पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून पाहावेत.

३. शिल्लक उणे आहे काय? लागोपाठ तोटा झाल्यास या सदरात साठलेला तोटा दिसतो. तो भागभांडवल खाऊ लागला आहे, असे समजावे.

कार्यकर्त्यांस सूचना

वार्षिक सभेची सूचना निदान चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि तिजसोबत तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक पाठवावे लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या चौदा दिवसांत सभासदांस एकत्र बसवून साठलेल्या नफ्याचा आकडा मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून दाखवावा. केवळ व्यक्ती सभासद असलेल्या कंपनीत भाग कितीही असोत, प्रत्येकास एकच मत असते. सबब एक भाग असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्नही तितक्याच मोलाचा आहे.

सर्व नफा वाटून घेणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय. परंतु राखलेले बियाणे पेरलेच नाही, तर त्यास कीड लागते. सभासदांनी नफा राखण्यास आनंदाने संमती द्यावी आणि तो कोठे पेरला, हे दरवर्षी विचारावे.