असहिष्णुता : शब्दाचा अर्थ आणि वापर

वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांतही ‘असहिष्णुता’ हा शब्द वारंवार येतो. तो नेमका कोणाला लावावा, याविषयी मात्र गोंधळ दिसतो. म्हणून हा शब्द मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

‘सह्’ या संस्कृत धातूचा अर्थ सोसणे, सहन करणे. त्याला ‘इष्णु’ हा स्वभावदर्शक प्रत्यय लागून ‘सहिष्णु’ हा शब्द सिद्ध होतो. सहन करणे हा ज्याचा स्वभाव, तो सहिष्णू. ज्याचा तो स्वभाव नाही, तो असहिष्णू. मराठीत विशेषणाचा अंत्य उकार दीर्घ लिहितात, तर ‘असहिष्णुता’ या भाववाचक नामात तो ऱ्हस्व राहतो. दुसऱ्याचे वेगळेपण किंवा त्याची बरोबरी डोळ्यांत खुपणे, असा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ सांगता येईल.

याच धातूपासून ‘असह्य’ हा शब्द आला आहे. ‘असह्य’ हे न सोसवणाऱ्या गोष्टीचे विशेषण आहे, तर ‘असहिष्णू’ हे माणसाच्या वृत्तीचे. खानदेशातील वैशाखाचे ऊन असह्य असते. पण त्याने त्रासलेल्या माणसाला कोणी असहिष्णू म्हणत नाही. त्याचप्रमाणे अन्याय ज्याला असह्य होतो, त्यालाही असहिष्णू म्हणता येत नाही.

हा भेद महाडच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव रावबहादूर बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतण्यात आल्या. गुराढोरांना मुक्त असलेले पाणी माणसाने प्यालेले ज्यांना सहन झाले नाही, ते असहिष्णू होते. सत्याग्रहींना असह्य झाला होता तो अपमान. मार खाऊनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ला करू दिला नाही. पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला.

बौद्ध परंपरेत दहा पारमितांपैकी एक ‘खंती’, म्हणजे क्षांती होय. द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे, हा तिचा आशय. अन्यायापुढे मान तुकवणे तिला अभिप्रेत नाही. महाडच्या सत्याग्रहींनी हक्क सोडला नाही आणि संयमही सोडला नाही. शतकानुशतके सोसत आलेल्या समाजाला पुन्हा ‘सहिष्णू व्हा’ असा उपदेश केला जातो, तेव्हा हा फरक सांगता आला पाहिजे.

मात्र हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात वाणीचा संयम सांगितला आहे. स्वपंथाच्या प्रेमापोटी परपंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्याचे म्हणणे. विहारात एखाद्या तरुणाने अवघड प्रश्न विचारला, चळवळीतील सहकाऱ्याने वेगळे मत मांडले, तर आपल्या कपाळाला आठ्या पडतात काय, हे ज्याने त्याने तपासावे.

तेव्हा कोणालाही असहिष्णू म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याला नेमके काय सहन होत नाही? स्वतःवरचा अन्याय सहन होत नसेल, तर तो स्वाभिमान; दुसऱ्याचा हक्क, मत वा वेगळेपण सहन होत नसेल, तर ती असहिष्णुता. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत सहिष्णुता हा शब्द नाही. तेथे बंधुता आहे. सहन करण्यात थोडे अंतर उरतेच, बंधुतेत ते मिटते. गावोगावची मुले आपल्या वसतिगृहात एका पंगतीला बसतात, ती या बंधुतेच्या शिक्षणासाठीच.