एका पायाचा प्रवास

आपण ‘पाय’ म्हणतो, इंग्रज ‘फूट’ म्हणतो, जर्मन माणूस ‘फूस’ म्हणतो. ऐकताना वाटतं, यांचं एकमेकांशी काय नातं? पण हे चुलतभाऊ आहेत.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात सांगितलं. पुढे १८२२ मध्ये परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचा नियम मांडला. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी जर्मनिक कुळात ‘फ’ येतो. पितृ तिकडे ‘फादर’ होतो, पंच ‘फाइव्ह’ होतात. ‘द’च्या जागी ‘ट’ येतो. म्हणून आपला ‘पद’ तिकडे ‘फूट’. त्या कुळाच्या आदिभाषेत हा शब्द ‘फोट्स’ असावा, असं अभ्यासक मानतात.

आपल्याकडे संस्कृत ‘पाद’मधला ‘द’ प्राकृतात गळाला आणि मराठीत ‘पाय’ उरला. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्यातून ‘पाव’ किलो आला. पाव उणा तो ‘पादोन’, म्हणजे पाऊण. खायचा पाव मात्र या घरातला नव्हे, तो पोर्तुगीजांचा. आम्हा कवींचा तर व्यवहारच पायाशी. ओळीला आपण चरण म्हणतो आणि इंग्रजी छंदशास्त्रातल्या गणालाही ‘फूट’च म्हणतात.

तिसरी वाट इराणातून आली. फारसीतही पायाला ‘पा’ किंवा ‘पाय’ म्हणतात. जामा म्हणजे वस्त्र, पायांचं वस्त्र तो पायजमा. पायबंद आणि पायमल्ली त्याच वाटेने आले. पायजमा तर इंग्रजीतही जाऊन बसला.

आमच्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात पायजमा घालून सायकलवर निघालेला शेतकरी पाहा. त्याचा पाय प्राकृतातून आलेला, पायजमा फारसीतून, आणि ‘पेडल’ लॅटिनमधल्या पायाच्या शब्दातून. शेजारच्याशी बांधाचा वाद निघाला तर मोजणी फुटात. एकाच शब्दाची चार नातवंडं एका माणसाजवळ!

भाषा शुद्ध करायची म्हणून परके शब्द वेचून काढा, असं अधूनमधून कुणी सांगतं. काढणाऱ्याने जरूर काढावेत. पण पायजम्यातला ‘पाय’ परका म्हणून बाहेर काढायला जावं, तर तो आपल्याच पायाचा भाऊ निघतो. मग दार कुणाला दाखवायचं?