रक्तातील शोथदर्शके आणि उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या अहवालात एचएस-सीआरपी वाढलेले दिसले की शोथघ्न चिकित्सेने रक्तदाबही उतरेल, असा तर्क वैद्यास सहज सुचतो. तो तपासून घ्यावयास हवा. ग्रंथोक्त शोथ आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन दर्शविते तो सूक्ष्म दाह, हे एकच नव्हेत. हे प्रथिन यकृतात, मुख्यत्वे इंटरल्युकिन-६ च्या प्रेरणेने तयार होते.

अमेरिकेतील आरोग्यसेवेत असलेल्या २०,५२५ स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे सीआरपी अधिक, त्यांना पुढे उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाणही अधिक आढळले. परंतु साहचर्य म्हणजे कारण नव्हे. स्थौल्याने दोन्ही वाढतात. कॅनाकिनुमॅब औषधाच्या २०१७ च्या चाचणीत सीआरपी घटले, हृदयविकाराचे झटकेही घटले. रक्तदाब मात्र उतरला नाही.

उलट शोथ व वेदना शमविणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात. आपले ज्येष्ठमधही अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास सोडियम साठवून, पोटॅशियम घटवून तेच करते. औषधालयचालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

सीआरपी प्रतिलिटर १० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास प्रथम जंतुसंसर्ग शोधावा व दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. ते उतरले एवढ्यावरून रुग्णाची रक्तदाबाची चालू गोळी थांबवू नये.